बारावी रेघ

अकरा रेघा शहाण्या पोरांसारख्या पायऱ्या उतरून खाली आल्या होत्या आणि बारावी जिन्याच्या वरच्या टोकाला हटून बसली होती. सोमवारच्या बैठकीत साहेबांनी तो तक्ता भिंतीवर लावला तेव्हा बाकीच्यांनी अकरा रेघांकडे पाहून टाळ्या वाजवल्या. तपासनिसाने तेवढी बारावी पाहिली आणि त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तशी ती पाल त्याच्या मनात भाड्यानेच राहायला होती. चुकचुकायला तिला कारण लागत नसे, पण आज कारणही मिळालं. तक्ता होता अतिअशक्त मुलांचा. बारा केंद्रं, आठ महिने. दर महिन्याला केंद्रावर मुलांचे दंड पट्टीने मोजायचे. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला तर पट्टीच्या खिडकीत लाल रंग दिसतो, त्या मुलाला पौष्टिक पाकिटं द्यायची. साडेबारापर्यंत पिवळा, त्याला पुढच्या महिन्यात परत बोलवायचं. त्याच्या वर हिरवा, त्याच्या आईला शाबासकी देऊन घरी पाठवायचं. दोन पावसाळे कोरडे गेलेले, सरहद्दीपलीकडून माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन आलेली, परदेशातून येणारी मदत निम्म्यावर उतरलेली, आणि अशा दिवसांत अकरा केंद्रांवर लाल मुलांपैकी पाचातलं एकच उरलं होतं. "जगातल्या गरीब देशांच्या यादीत आपण खालून चौथे होतो," साहेब म्हणाले, "असंच चाललं तर खालून नववे होऊ!" खालून नववा नंबर येणार म्हणून एवढा फुललेला चेहरा पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. मग त्यांनी बाराव्या रेघेवर काडी टेकवली. "शुक्रवारी बाहेरचे पाहुणे येताहेत. तक्ता पाहणार, काम फत्ते झालं म्हणून शिक्का मारणार, आणि आपण ही केंद्रं सन्मानाने आवरती घेणार. त्यात ही बया भातातल्या खड्यासारखी. चाळणी, तू जा. तिथली मापवाली बाई आकडे खोटे लिहितेय. पकड, सही करून कागद आण. केंद्र गुरुवारी बंद." आणि लिहीत नसेल खोटे तर, असं विचारायची त्या कार्यालयात पद्धत नव्हती. तपासनिसाच्या तर ते मनातही आलं नाही.

चाळणी हे त्याला कार्यालयाने ठेवलेलं नाव, आणि ते त्याला आवडायचं. समोर येईल ते तो चाळून घ्यायचा. मनगटावर घड्याळ असताना तो रस्त्यात तिघांना वेळ विचारायचा आणि तिघांची उत्तरं जुळली की जास्तच घाबरायचा, की यांचं आधी ठरलं असणार. दूध उतू गेलं तर आधी दुधाला काय झालं होतं याची चौकशी. बायको म्हणायची, "तुमच्याशी संसार करायचा म्हणजे रोज सकाळी ओळखपत्र दाखवायचं. एक दिवस मी माहेरी जाईन आणि तुम्ही म्हणाल, पुरावा काय?" तो हसायचा आणि ती खरंच माहेरी जाणार आहे की काय, ते कपाट उघडून बघून यायचा. पण ज्या कामात तो होता त्या कामात हे सोनं होतं. लोक आकड्यांशी कसे खेळतात हे त्याला पाठ होतं. एकच वाळकं पोर पाच आयांनी आळीपाळीने कडेवर घेऊन यायचं. गेलेल्या मुलांची नावं यादीत वर्षानुवर्षं जिवंत ठेवायची. मोजायचा कंटाळा आला की सावलीत बसून बारा, साडेबारा, अकरा अशा गोळीबंद संख्या लिहून काढायच्या. पहिल्या दोन चलाख्यांचा त्याला तितकासा राग यायचा नाही. तिसरीचा यायचा. भूक लागलेला माणूस खोटं बोलला तर त्यात निदान भूक खरी असते, असं त्याला वाटे. आणि असं वाटलं की तो स्वतःकडेच संशयाने बघे, की हे आपण कुणाची बाजू घेतोय? बाराव्या केंद्राचे आठ महिन्यांचे कागद त्याने घरी नेऊन पसरले. जमिनीवर, पलंगावर, बायको जेवत होती त्या टेबलाच्या कडेला. एकही आकडा गोळीबंद नव्हता. अकरा पूर्णांक तीन, दहा पूर्णांक आठ, अकरा पूर्णांक एक. इतकी नेकीने केलेली लबाडी त्याने आजवर पाहिली नव्हती. "हे बघ," तो बायकोला म्हणाला, "किती सफाई आहे." बायकोने एक कागद उचलला, नावं वाचली, वयं वाचली, आणि म्हणाली, "मला तर ही नुसती पोरं दिसतात." "तीच तर गोम आहे," तो म्हणाला.

मंगळवारी सकाळी जीप निघाली. ड्रायव्हर हा कार्यालयातला एकच माणूस चाळणीला न घाबरणारा, कारण तो स्वतःच इतक्या थापा मारायचा की त्यातली एखादी पकडून कुणाला काही साधणार नव्हतं. "साहेब, त्या बाईला मी एकदा पाहिलंय," तो म्हणाला, "हातात पट्टी धरली की माशीसुद्धा हात पुढे करून उभी राहते." "म्हणजे दरारा आहे." "दरारा कसला! माशीचा दंडही लाल भरला होता. दोन पाकिटं दिली तिला." चाळणीने ते डोक्यात टिपून ठेवलं, माशीचं सोडून. शहर संपलं तसा रस्ता उखडत गेला. मग मैदानात निळ्या ताडपत्र्यांच्या झोपड्या सुरू झाल्या, पलीकडून आलेल्या लोकांच्या. प्रत्येक ताडपत्रीवर कुठल्या ना कुठल्या दात्याचं चिन्ह. उन्हाने ते फिकं पडून आता सगळे दाते एकसारखे दिसत होते. एका नळापाशी भांड्यांची रांग होती, माणसं नव्हती. माणसं सावलीला बसून आपापल्या भांड्यावर नजर ठेवून होती. ती रांग पाहिली आणि त्याच्या टाळूला दुधाच्या भुकटीची चव चिकटली.

तो सात वर्षांचा असेल. तेही असंच एक कोरडं साल. शाळेच्या इमारतीत डॉक्टर बसायचा आणि अशक्त मुलांना भुकटीचा डबा मिळायचा. आधीचे दोन दिवस आईने त्याला शिकवलं होतं: गाल आत ओढून धर, मान जरा सोड, नाव विचारलं तर पटकन सांगू नकोस, थोडा वेळ लाव. तो घरात भिंतीकडे तोंड करून गाल ओढायचा सराव करायचा आणि आई मागून म्हणायची, अजून, अजून जरा. रांगेत त्याच्या गालांना आतून कळ लागली होती. डॉक्टरचा चष्मा दोऱ्याने बांधलेला होता. त्याने याच्या गालावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "तोंड उघड." तोंड उघडलं की गाल जागेवर येतात हे आईने शिकवलेलं नव्हतं. ते आले. डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, त्याच्या नजरेत काही म्हणजे काही नव्हतं, आणि त्याने कागदावर 'अशक्त' असं लिहून डबा पुढे सरकवला. परत येताना आईने त्याचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. "खाली बघून चाल," एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून चाळीस वर्षं तो त्या डॉक्टरची तपासणी करत होता. डॉक्टर फसला? की डॉक्टरने खोटं लिहिलं? फसला असेल तर अशा माणसाच्या हाती डबे द्यायचे कसे, आणि खोटं लिहिलं असेल तर मग शाईने लिहिलेल्या कशावर विसंबायचं? आई थकली, अंथरुणाला लागली, तेव्हा एकदा त्याने धीर करून विचारलं होतं, "आई, आपण त्या वेळी खोटं बोललो ना गं?" आई छताकडे बघत होती. "खोटं?" ती म्हणाली. "तू स्वतःला पाहिलं होतंस का तेव्हा?" "आरशात?" "आरसा कुठला आला घरात," आई म्हणाली. "बरगड्या मोजता येत होत्या तुझ्या. पण नुसत्या बरगड्यांवर कोण विश्वास ठेवतं? म्हणून म्हटलं, गाल ओढ." त्याला ते पटलं नव्हतं. आयांना मुलगा अपराधी वाटून घेतोय हे कळतं आणि त्या काहीतरी सांगतात, असं त्याने धरून ठेवलं. उपाशी असल्याचं त्याला काही केल्या आठवत नव्हतं. आठवायची ती भुकटीची चव, आणि गालांची कळ.

केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढे बाक, बाकावर आणि जमिनीवर आया, आणि इतक्या मुलांच्या मानाने अंगावर काटा यावा अशी शांतता. धडधाकट पोरं एवढ्या वेळात एकमेकांचे केस उपटतात, हे त्याला ठाऊक होतं. मापवाल्या बाई पन्नाशीच्या, अंगाने आडव्या, खांद्यावर टॉवेल. त्यांनी त्याला आपादमस्तक पाहिलं. "पकडायला आलात का?" "तपासायला." "तेच. शहरात ज्याला तपासणं म्हणतात त्याला इथे पकडणं म्हणतात. बसा. बाकाचा डावा पाय लुळा आहे, उजवीकडे बसा." तो मुद्दाम डावीकडे बसला आणि बाक खाली गेला. आया हसल्या, पोरं हसली नाहीत. उठून कपडे झटकत त्याने नोंदवही मागितली, नावं विचारली, नावांप्रमाणे आया हजर आहेत का पाहिलं, एकच पोर दोघींच्या कडेवर दिसतंय का ते पाहिलं, गेलेलं कुणी यादीत जिवंत आहे का ते विचारलं. बाईंनी वहीचं शेवटचं पान उघडून दिलं. तिथे गेलेल्यांची नावं होती, वेगळी, तारखांसकट. "जिवंत माणसांत मिसळली की मला त्रास होतो," त्या म्हणाल्या. सगळं जुळत होतं, आणि जुळत होतं म्हणून त्याचा संशय चढत होता. शेवटी त्याने पिशवीतून आपली पट्टी काढली. कार्यालयातून सगळ्या केंद्रांना पाठवलेली, पांढरी, कडक, कोरी. "एक मूल द्या," तो म्हणाला. जवळच्या बाईने मांडीवरचा मुलगा पुढे केला. तो दंड त्याच्या दोन बोटांत मावला. कातडी सैल, गरम, हाडावरून सरकणारी. त्याने पट्टी गुंडाळली, खिडकीत बघितलं. अकरा पूर्णांक आठ. पिवळा. "पिवळा," तो म्हणाला, आणि आवाजात विजय येऊ नये म्हणून खोकला. "वहीत मागच्या आठवड्यात दहा पूर्णांक सहा लिहिलंय. आठ दिवसांत दंड एवढा भरला?" मापवाल्या बाईंनी गळ्यातली आपली पट्टी काढली, कळकट, घामाने पिवळी पडलेली, त्याच दंडाला त्याच जागी लावली आणि खिडकी त्याच्यापुढे धरली. दहा पूर्णांक सहा. लाल.

"ही पट्टी तुम्ही कशी केलीत?" त्याने विचारलं. "मी कशाला करू? सात वर्षांपूर्वी बाहेरून पेटी आली तेव्हाची आहे. नवी आली ती मी वापरत नाही. तसं कळवलंय मी." "कुणाला?" "तुम्हालाच. चिठ्ठी पाठवली होती." आणि त्याला चिठ्ठी आठवली. रेघांच्या कागदावर, जाड अक्षरात, एकच ओळ: नव्या पट्टीने मुलं जाड होतात, सबब जुनीच वापरत आहे. वाचून तो इतका हसला होता की शेजारच्या टेबलावरच्यांना ती मोठ्याने वाचून दाखवली होती. मग ती 'सबबी' असं लिहिलेल्या जाड फायलीत गेली. बाईंनी दोन्ही पट्ट्या बाकाच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि शून्यावर शून्य जुळवलं. एकाशेजारी एक बसल्यासारखं वाटलं. पाचापाशी नजर अडखळली. नव्या पट्टीचा दहाचा आकडा जुनीच्या नऊच्या आकड्यापाशी येऊन थांबला होता. बाहेर एक कोंबडी पत्र्यावर चोच मारत होती, तिचा आवाज बराच वेळ त्याच्या डोक्यात येत राहिला. मग त्याच्या डोळ्यांपुढे कार्यालयातलं छपाईचं यंत्र आलं.

आठ महिन्यांपूर्वी पट्ट्यांची नवी पेटी बंदरात अडकली होती, सुटायची चिन्हं नव्हती. साहेब म्हणाले होते, एवढ्याशा कागदाला बाहेरची वाट कशाला बघायची, मूळ नमुना आहे, आपण छापू. छापण्याचं काम चाळणीने स्वतःकडे घेतलं, कारण कारकुनावर त्याचा भरवसा नव्हता. कारकून रंग चुकवेल, पानं मोजणार नाही, दोन आकडे पुसट येतील आणि कुणाच्या लक्षात यायचं नाही. म्हणून तो स्वतः यंत्रापाशी उभा राहिला. नमुन्याचा कागद जरा लांब होता, पान यंत्रात मावेना. यंत्राने पडद्यावर नम्रपणे विचारलं, पानात बसवू का? याने हो म्हटलं. पान बसलं. मग त्याने त्या पहिल्या पानावरचा एकेक रंग पाहिला, एकेक आकडा पाहिला, आणि ते हातात धरून पुढची सगळी पानं एक एक करून त्याच्याशी ताडून पाहिली. तीन तास. एका पानावर डाग होता, ते फाडलं. उरलेली पानं पहिल्या पानाबरहुकूम होती, केसाचा फरक नव्हता. जगातल्या सगळ्यांवर संशय घेणाऱ्या त्या माणसाने पहिल्या पानावर तेवढा घेतला नव्हता, कारण ते त्याने स्वतः काढलं होतं. पान बसवताना यंत्राने सगळंच आखूड केलं होतं, दहाचे नऊ. म्हणजे ज्या मुलाचा दंड खरा अकरा पूर्णांक तीन, ते लाल मूल त्याच्या पट्टीत हिरवं झालं, आणि त्याच्या आईला शाबासकी मिळाली. अकरा केंद्रं. आठ महिने. अकरा रेघा पायऱ्या उतरत होत्या त्या त्याने खाली ढकललेल्या होत्या, आणि बारावी, जिच्यासाठी तो आला होता, तीच तेवढी आपल्या जागी उभी होती.

केंद्राच्या मागे चिंचोळ्या सावलीत उभं राहून त्याने साहेबांना फोन लावला. बोलताना त्याला वाटत होतं, आता ते ओरडतील. साहेब ओरडले नाहीत. ते जरा वेळ गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्यात चाळणीच्या कानांना काहीतरी लागलं. "थोडी आखूड असेल," ते म्हणाले. "अकरा ठिकाणी चालतेय ना? मग पट्टी ती खरी. शुक्रवार होऊन जाऊ दे, मग हळूहळू बदलून टाकू. तू सही कर आणि ये." "साहेब, तुम्हाला माहीत होतं?" "काय माहीत होतं?" साहेबांनी विचारलं, पटकन. की त्याला ते पटकन वाटलं? त्याला कळेना. बोलणं संपलं तेव्हा त्याला आपल्याच प्रश्नाचा वास आला. साहेबांना माहीत असावं अशी त्याची इच्छा होती. कुणीतरी जाणूनबुजून केलेलं असावं, म्हणजे पकडता आलं असतं. आत येऊन त्याने अहवालाचा कागद काढला. 'बाराव्या केंद्राची मापे' असं वर छापलेलं होतं. खाली त्याने लिहिलं, बरोबर आहेत. उरलेल्या अकरा केंद्रांची चूक आहेत, पट्टी मी छापली. आणि सही केली. सही नेहमीसारखी आली नाही, शाळेतल्या पोरासारखी आली. बाईंनी कागद हातात घेऊन वाचला. "हा तिथे पोचेल कशावरून?" त्या म्हणाल्या. त्याने त्याच्या दोन प्रती करून एक बाईंना दिली. मग म्हणाला, "तुमची पट्टी मला द्या. अकरावं केंद्र वाटेतच आहे. परत पाठवलेल्या मुलांची यादी माझ्याजवळ आहे." "आणि मी कशाने मोजू?" "दुसरी नाही?" "आहे," बाई म्हणाल्या, "पण ते मी कुणाला सांगत नाही." त्यांनी जुनी पट्टी त्याच्या हातात ठेवली आणि दुसरा हात पुढे केला. "तुमचं गळ्यातलं ओळखपत्र ठेवा इथे. पट्टी आणून द्या, घेऊन जा." ड्रायव्हर इतका हसला की त्याला जीपला टेकावं लागलं. चाळणीने ओळखपत्र काढून दिलं. मान हलकी झाली, आणि वारा तिथे वेगळा लागला.

अकराव्या केंद्राच्या वस्तीत पोचले तेव्हा ऊन डोक्यावरून कललं होतं. यादीत पहिलं नाव एका दीड वर्षाच्या मुलाचं होतं. सलग तीन महिने हिरवा, साडेबाराच्या जरासा वर. त्याची आई दारात बसून फाटकं पोतं शिवत होती. तिने वर पाहिलं, सुई थांबवली नाही. "मूल मोजायचंय," तो म्हणाला. "मोजलंय की. हिरवा म्हणाले. शाबास म्हणाले." "पुन्हा मोजायचंय." "का? तेव्हा नीट मोजलं नव्हतं?" तो दोन्ही पट्ट्या काढून तिच्यापुढे उकिडवा बसला. शून्यावर शून्य धरलं. ती वाकून बघत राहिली. बोटाने तिने नव्या पट्टीवरचा दहा चाचपला, मग जुनीवरचा. "ही तरी बरोबर कशावरून?" हा प्रश्न आयुष्यभर त्याचा होता. दुसऱ्याच्या तोंडून तो कसा लागतो हे त्याला आज कळत होतं. "ही जुनी आहे," तो म्हणाला, आणि स्वतःलाच ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. "आणि ही आखूड कुणी केली?" कार्यालयाने, हा शब्द जिभेवर आला. यंत्राने, हाही आला. "मी," तो म्हणाला. सुई थांबली. तिने त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं, जणू त्यालाच मोजत होती. "पोर झोपलंय," ती म्हणाली. "उठलं की बघू. बसा." तो दारापाशी बसला. आतून काही आवाज येत नव्हता. दुपारच्या वेळी पोरं झोपतात, त्याने स्वतःला सांगितलं. श्वासाचा तरी आवाज यावा. दोरीवर एक लहान सदरा वाळत होता, अजून ओला; म्हणजे आजच धुतलेला. त्या सदऱ्यावर त्याची नजर चिकटली. सदरा धुतला म्हणजे मूल आहे. पण कपडे धुवून, घडी करून ठेवूनही देतात. आजवर ज्याने कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता तो माणूस, पोर झोपलंय या दोन शब्दांना जीव मुठीत धरून लटकला होता, आणि त्याची चाळणी थांबायला तयार नव्हती. मग आत काहीतरी खरडल्यासारखं झालं, आणि एक बारीक, चिरका, रागावलेला रडण्याचा आवाज आला. तो इतक्या झपकन उठला की गुडघे कडकडले.

दंड दहा पूर्णांक नऊ भरला. खिडकीत लाल. ड्रायव्हरने जीपमधली पाकिटं आणून दिली, थाप न मारता, आणि मुलाने फाडलेला कोपरा तोंडात धरला. आई त्याच्या जबड्याची हालचाल बघत होती. "म्हणजे तेव्हाही लालच होता," ती म्हणाली. "हो." "तिन्ही वेळा?" "हो." मग तिने मान पलीकडे वळवली. "पलीकडे तिसऱ्या घरात एक पोरगी होती. तीही हिरवी होती. दोन महिन्यांपूर्वी गेली." त्याने यादीकडे पाहिलं नाही. "सगळे म्हणाले, मोजणारे हिरवी म्हणतात तर पोरगी गेली कशी? आईच खात असेल पोरीच्या वाट्याचं. मीही म्हणाले. नळावर, तिच्या तोंडावर म्हणाले. त्यावर तिने घागर उचलली आणि रिकामीच घेऊन गेली. आता सगळ्यांचं पाणी भरून झालं की मग येते." तिने पोराला खांद्यावर घेतलं आणि पोतं पायाने बाजूला सारलं. "चला." "मी तिथे येऊन काय करू?" तो म्हणाला. "तिथे आता मोजायला..." "तुम्ही तुमचं सांगा, मी माझं सांगते. पण आधी तुम्ही. नाहीतर ती मला दारातही उभी करायची नाही."

पुढे ती, खांद्यावर पाकीट चोखणारं पोर, आणि मागे तो. तिसऱ्या घराचं दार लावलेलं होतं. आतून केर काढल्याचा आवाज येत होता. त्याने हातातल्या पट्ट्या खिशात घालायला घेतल्या आणि मग दिसतील अशा धरल्या. पोराच्या आईने हाक मारली. झाडूचा आवाज थांबला. "कोण आहे?" आतून विचारलं. ती त्याच्याकडे बघत होती. त्याने नाव सांगितलं नाही, कार्यालयाचं सांगितलं नाही. "पट्टी मी छापली होती," तो बंद दाराला म्हणाला. आत काहीच हललं नाही. मग जरा पुढे होऊन, आतल्या माणसाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात, तो म्हणाला, "तुमची पोर हिरवी नव्हती. तुमच्याकडून काही चुकलं नव्हतं." आणि कडी निघाल्याचा आवाज येईपर्यंत तो तेच सांगत राहिला.